देवळालीच्या मास्तरांचे जंक्शन

समितीच्या मंडळींनी यंदा मला 'इतिहासावर एखादा लेख द्या' असे सांगितले, तेव्हा पहिले नाव मनात आले ते पानिपतचे. दिल्लीकडच्या मराठी माणसाने इतिहास लिहायचा म्हणजे पानिपत, हे जणू ठरलेलेच आहे. पण त्यावर अधिकाराने लिहिणारी जाणकार मंडळी आपल्यात आहेत. मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. माझा दिवस वॅगनची चाके, ब्रेक आणि आकडे यांत जातो. म्हणून एका आकड्याचाच इतिहास लिहायचे ठरवले. तो आकडा असा : १,००,००,००,००,००,००१.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दश, शत, सहस्र अशी जी नावे आहेत, त्यांत दहाच्या तेराव्या घाताला 'शंकू' म्हटले आहे. म्हणजे हा आकडा 'एक शंकू एक'. आजच्या बजेटच्या भाषेत दहा लाख कोटी आणि वर एक. दिसायला त्यात काही नाही, दोन टोकांना एक आणि मध्ये बारा शून्ये. पण या आकड्याचा एक गुण असा आहे, की त्याच्यापेक्षा लहान कोणत्याही संख्येत तो नाही. आणि तो गुण शोधून काढणारे गृहस्थ कुठल्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. ते नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर होते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून. माध्यमिक शिक्षण ठाण्याला आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे, स्वतंत्र गणिती कामासाठी असलेले पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि तिथेच औपचारिक शिक्षण संपले. १९३० ते १९६२, बत्तीस वर्षे, त्यांनी देवळालीत मुलांना शिकवले. निवृत्तीनंतर पेन्शन अपुरी पडायची म्हणून शिकवण्या केल्या. १९८६ साली ते गेले. रेल्वेवाल्याच्या नजरेने पाहिले तर डहाणू बी.बी.सी.आय.च्या लाइनवर, ठाणे, पुणे आणि देवळाली जी.आय.पी.च्या लाइनवर. सगळे आयुष्य रुळांच्या कडेने गेले म्हणायला हरकत नाही.

हे इतके सांगायचे कारण असे, की नाव सगळ्यांना माहीत आहे आणि माणूस माहीत नाही. मध्यंतरी मंडळातल्या एका नववीतल्या मुलाने मला मोबाइलवर ६१७४ या संख्येचा व्हिडिओ दाखवला आणि विचारले, "काका, हा कॅप्रेकर कोण होता? रशियन का?" मुलगा हुशार आहे, मराठी घरातला आहे, आणि त्याचे आजोळ नाशिक रोडला आहे. आता यात त्याचा काय दोष?

६१७४ ची गंमत बऱ्याच जणांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, खाली तेच अंक चढत्या क्रमाने लिहा आणि वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येते, आणि मग ते हलत नाही. कापरेकरांना हे १९४६ साली सापडले, १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते सांगितले आणि १९५३ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकन नियतकालिकात छापून आले.

आपण आपली पंजाब मेल घेऊ. डिसेंबर २०१० मध्ये गाड्यांचे नंबर पाच अंकी झाले, त्याआधी मुंबईहून येणाऱ्या पंजाब मेलचा नंबर २१३७ होता. ७३२१ मधून १२३७ वजा केले की ६०८४. मग ८६४० उणे ०४६८, म्हणजे ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. मोजून पाहा, बरोबर सात. म्हणजे आपली मेल सर्वांत लांबच्या मार्गाने मुक्कामी पोचते, जे तिच्या स्वभावाला धरूनच आहे.

यात जादू नाही. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले की वजाबाकी फक्त दोन गोष्टींवर ठरते : पहिल्या आणि चौथ्या अंकातला फरक गुणिले ९९९, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक गुणिले ९०. हे दोन फरक मिळून ५४ जोड्या होतात. तेव्हा सुमारे नऊ हजार संख्यांचा प्रश्न पहिल्याच पायरीत ५४ वर येतो, आणि ५४ उत्तरे एखादा मास्तर कंदिलाच्या उजेडात एका संध्याकाळी तपासू शकतो. ६१७४ मध्ये मोठ्या अंकातून लहान गेला की ६, मधल्या दोघांचा फरक २. सहा गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, त्यात १८० मिळवा.

आता पंजाब मेलचा नवा नंबर १२१३७ घ्या. ७३२११ उणे ११२३७, म्हणजे ६१९७४. पुढे ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि पुन्हा ६१९७४! पाच अंकांत असा एक मुक्काम नाहीच. तिथे गाडी आपल्या दिल्लीच्या रिंग रेल्वेसारखी गोल फिरत राहते, चार स्टेशने करून परत जिथल्या तिथे. एक अंक वाढला आणि सगळे वेळापत्रकच बदलले.

मास्तरांना संख्यांचे प्रकार पाडायचा आणि त्यांना नावे ठेवायचा मोठा नाद होता. एखादा माणूस फुलपाखरे गोळा करतो तसे ते संख्या गोळा करत. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की तीच संख्या येते, ती कापरेकर संख्या. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. २०२५ साल असे पूर्ण चार अंकी तुकड्यांचे साल होते. यानंतरचे साल ३०२५, ते पाहायला आपल्यापैकी कोणी नसणार.

एका प्रकाराचे नाव तर स्टेशनवरून आहे. डेमलो संख्या. जी.आय.पी.वर मुंबईपासून तीस मैलांवर डेमलो नावाचे स्टेशन होते, तिथे त्यांना ही कल्पना सुचली, आणि ते स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली, असे नोंदलेले आहे. डोंबिवली ४८ किलोमीटरवर आहे, म्हणजे मैलांचा हिशेब बसतो. या संख्येचे तीन भाग असतात. पुढचा आणि मागचा भाग मिळवला की एकाच अंकाची रांग येते, आणि मधल्या भागात तोच अंक असतो. १२३४५४३२१ पाहा. १२३४ अधिक ४३२१ म्हणजे ५५५५, आणि मध्येही ५. ही संख्या ११,१११ चा वर्ग आहे. लोकलची वाट पाहताना आपण घड्याळ पाहतो, मास्तर हे पाहत.

तिसरा प्रकार हर्षद संख्या, म्हणजे हर्ष देणारी. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती. रामानुजनना भेटायला जाताना हार्डी ज्या टॅक्सीने गेले तिचा १७२९ हा नंबर प्रसिद्ध आहे. हार्डींना तो नीरस वाटला आणि रामानुजन म्हणाले की दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे. ही संख्या हर्षदही आहे. १ अधिक ७ अधिक २ अधिक ९ म्हणजे १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. १९ आणि ९१, उलटसुलट! १९७७ साली आयव्हन निव्हेन यांनी एका परिषदेत या संख्यांचा विषय मांडला आणि पुढे बऱ्याच इंग्रजी लिखाणात 'निव्हेन संख्या' हेच नाव चालू झाले. कूपर आणि केनेडी या अमेरिकनांनी १९९३ साली सिद्ध केले की ओळीने एकवीस हर्षद संख्या कधीच येत नाहीत, वीस मात्र येतात. त्यांच्याही लेखाच्या नावात निव्हेनच आहे. मास्तरांनी आधी ठेवलेले नाव टिकले, पण अर्धेच.

हार्डींचा विषय निघाला म्हणून मास्तरांच्या कामावरचा मुख्य आक्षेपही सांगायला हवा. १९४० साली लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात हार्डींनी अशा अंकांच्या गमतींची उदाहरणे दिली आहेत. ८७१२ आणि ९८०१ या संख्या त्यांच्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत, किंवा १५३ ही आपल्या अंकांच्या घनांची बेरीज आहे, वगैरे. त्यांचे म्हणणे असे की वर्तमानपत्रातल्या कोड्यांना हे ठीक, गणितज्ञाला यात घेण्यासारखे काही नाही. मास्तरांचा विषय नेमका हाच. संख्या तीच राहते, पण आपण दहाच्या पद्धतीने लिहितो म्हणून तिचे अंक असे दिसतात. आठाच्या किंवा बाराच्या पद्धतीने लिहिले तर सगळे बदलते. मग हा गुण संख्येचा की आपल्या लिहिण्याचा? आपल्याकडच्या गणितज्ञांनीही सुरुवातीला त्यांना फारसे मनावर घेतले नाही, आणि त्यांचे बरेचसे काम लहान नियतकालिकांत किंवा स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांत राहिले. 'डेमलो नंबर्स' ही १९४८ ची पुस्तिका देवळालीच्या खरेवाड्यातून निघाली.

आक्षेप खोटा नाही. पण मी ज्या खात्यात काम करतो तिथे संख्या तिच्या लिहिलेल्या रूपातच जगते. तुघलकाबादच्या यार्डात उभ्या असलेल्या कोणत्याही मालगाडीच्या वॅगनवर अकरा अंक रंगवलेले दिसतील. पहिले दोन वॅगनचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार तिचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा एक तपासणीचा अंक. तो असा काढतात : सम जागांवरच्या अंकांची बेरीज करून तिची तिप्पट करायची, विषम जागांवरची बेरीज मिळवायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडेल तो शेवटचा अंक. उदाहरणासाठी मी मांडलेला नंबर ३१०११२९५२६० घ्या. सम जागांवर १, १, २, ५, ६, बेरीज १५, तिप्पट ४५. विषम जागांवर ३, ०, १, ९, २, बेरीज १५. एकूण ६०, म्हणून शेवटी शून्य. नंबर घेणाऱ्याने कोणताही एक अंक चुकवला तर तो पकडला जातोच. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले तरी पकडले जातात. फक्त त्या दोघांत पाचाचा फरक असेल, जसे २ आणि ७, तर चूक निसटते. हे सगळे गणित अंकांच्या दिसण्याचे आहे आणि रोज लाखो टन माल त्याच्या भरवशावर फिरतो. मास्तरांचा या पद्धतीशी संबंध नव्हता, पण अंकांची बेरीज ही क्षुल्लक गोष्ट आहे असे निदान आम्ही वॅगनवाल्यांनी तरी म्हणू नये.

(जाता जाता : या नंबराच्या अंकांची बेरीज ३०, आणि त्याला ३० ने पूर्ण भाग जातो. वॅगन हर्षद निघाली!)

आता मूळ आकड्याकडे येतो. त्यासाठी आधी स्वयंभू संख्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २ अधिक ३, म्हणजे ५ मिळवले की २८. २८ मध्ये १० मिळवले की ३८, मग ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. प्रत्येक संख्या अशी पुढच्या संख्येला जन्म देते, म्हणून २३ ही २८ ची जनक. मास्तरांनी उलटा प्रश्न विचारला. प्रत्येक संख्येला असा जनक असतो का? नसतो. २० ला जनक नाही. शंभरापर्यंत अशा तेरा संख्या आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. ज्या दुसरीपासून झालेल्या नाहीत त्या स्वयंभू, इंग्रजीत 'सेल्फ नंबर'. देवळाली संख्या असेही त्यांना म्हणतात. अष्टविनायकांच्या मूर्तींना आपण हाच शब्द वापरतो, त्यामुळे या अंकात तो शब्द वेगळा समजावून सांगायला नको.

मोठी संख्या स्वयंभू आहे की नाही हे पाहायला सगळ्या संख्या तपासाव्या लागत नाहीत. ३१०११२९०२७२ हा आणखी एक नियमात बसणारा वॅगन नंबर पाहा. अकरा अंकांची बेरीज ९९ च्या वर जात नाही, म्हणून जनक असलाच तर तो ९९ च्या आत खाली असणार. शिवाय नवाने भागून उरणारी बाकी जुळावी लागते, म्हणून ५, १४, २३ असे नऊ-नऊच्या अंतराने ९५ पर्यंत अकराच जागा उरतात. जेवणाच्या सुट्टीत मी त्या तपासल्या. एकही जुळत नाही. नंबर स्वयंभू आहे. अशा संख्या कितीही वर गेले तरी संपत नाहीत, आणि त्यांचे प्रमाणही शून्याकडे घसरत नाही, हे झन्निए या इटालियन गणितज्ञाने १९८२ साली सिद्ध केले.

इथपर्यंत कुतूहल म्हणता येईल. पण मास्तर इथे थांबले नाहीत, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम इथून पुढे आहे. ६१७४ च्या प्रसिद्धीत ते झाकले गेले.

वर १०१ ही संख्या ९१ पासून आली. पण १०० मध्ये त्याच्या अंकांची बेरीज १ मिळवली तरी १०१ च येते! म्हणजे १०१ ला दोन जनक. दोन लाइनी तिथे येऊन मिळतात. मास्तरांनी अशा संख्येला नाव दिले 'जंक्शन नंबर'. देवळाली काही जंक्शन नाही. पण त्यांच्या जिल्ह्यातले मनमाड आहे. भुसावळकडची, दौंडकडची आणि छत्रपती संभाजीनगरकडची अशा तीन लाइनी तिथे एकत्र येतात आणि एकच लाइन नाशिककडे जाते. आपल्याकडे गाझियाबादला अलीगढ, मुरादाबाद आणि मेरठकडून येणाऱ्या गाड्या अशाच एकत्र होऊन दिल्लीत शिरतात. १०१ ही दोन जनकांची सर्वांत लहान संख्या. मग तीन जनकांचे, म्हणजे मनमाडसारखे, पहिले जंक्शन कोणते? आणि चार जनकांचे?

हा प्रश्न मास्तरांनी १९५० आणि ६० च्या दशकांत धरून ठेवला. १९५९ साली 'पझल्स ऑफ द सेल्फ-नंबर्स' आणि १९६३ साली 'द मॅथेमॅटिक्स ऑफ द न्यू सेल्फ-नंबर्स' अशा पुस्तिका त्यांनी स्वतः छापल्या. तीन जनकांचे उत्तर त्यांनी दिले ते लेखाच्या सुरुवातीचा आकडा : १,००,००,००,००,००,००१.

त्याचे तीन जनक हे. पहिला उघड आहे, १,००,००,००,००,००,०००. त्याच्या अंकांची बेरीज १, मिळवून टाका. दुसरा ९९,९९,९९,९९,९९,९०१. यात अकरा नऊ, एक शून्य आणि एक एक आहे, बेरीज बरोबर १००. मिळवा आणि पाहा. तिसरा ९९,९९,९९,९९,९९,८९२. यात दहा नऊ म्हणजे ९०, वर ८, ९, २ चे १९, एकूण १०९. तेही मिळवा. तिन्ही वेळा तेच स्टेशन येते. पाचवीतले मूल हा ताळा करू शकेल.

पण सापडले कसे असेल? दहा लाख कोटींपर्यंत एक-एक करत कोणी जाऊ शकत नाही, आणि तेव्हा देवळालीत संगणक नव्हता. युक्ती अशी मांडता येते. दहा लाख कोटींच्या एक पाऊल खाली तेरा नऊ आहेत, त्यांची बेरीज ११७. तिथून आणखी काही पावले खाली उतरलो, तर नवातून वजा करताना हातचा लागत नाही, म्हणून अंकांची बेरीज नेमकी उतरलेल्या पावलांच्या अंकांच्या बेरजेइतकी कमी होते. हिशेब केला की अट एवढीच उरते : पावले अधिक पावलांच्या अंकांची बेरीज म्हणजे ११५ हवी. आणि ११५ हे स्वतःच एक छोटे जंक्शन आहे! ९८ अधिक १७ म्हणजे ११५, आणि १०७ अधिक ८ म्हणजेही ११५. खालून या दोन लाइनी आल्या, वरून एक सरळ आली, झाल्या तीन. बारा नऊ घेतले असते तर ११५ च्या जागी १०६ आले असते, आणि १०६ ला ८९ हा एकच जनक आहे. म्हणून तेराच हवेत. अवाढव्य आकड्याचा प्रश्न शंभराच्या आसपासच्या आकड्यावर आणून ठेवला, आणि तो आपण बोटावर सोडवू शकतो. याला कोडे म्हणा, पण जिना सापडल्याशिवाय इतके वर चढता येत नाही.

चार जनकांसाठी मास्तरांनी सांगितलेली संख्या दहाचा चोविसावा घात अधिक १०२. भास्कराचार्यांची नावे सतराव्या घाताच्या परार्धापाशी संपतात, म्हणून हिला नाव देता येत नाही. तिथे वरच्या बाजूला जुने १०१ काम करते आणि ९१ व १०० या दोन लाइनी देते. खालच्या बाजूला चोवीस नवांची बेरीज २१६, आणि हिशेबात ११३ उरते. तेही जंक्शन, ९७ अधिक १६ आणि १०६ अधिक ७. दोन अधिक दोन, चार. याहून लहान संख्येला चार जनक नाहीत असा मास्तरांचा अंदाज होता. सिद्धता त्यांच्याकडे नव्हती आणि त्यांनी ती असल्याचे सांगितलेही नाही.

१९६६ साली नरसिंग राव यांनी पाच जनकांची संख्या दिली आणि त्याहून मोठ्यांच्याही मर्यादा मांडल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि जगभर नाव झाले. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. पण अंदाज अंदाजच राहिला. शेवटी २०२१ साली मॅक्स अलेक्सेयेव आणि नील स्लोन यांनी कोणत्याही पद्धतीने लिहिलेल्या संख्यांसाठी, म्हणजे फक्त दहाच्या नव्हे, जंक्शने शोधायची सर्वसाधारण रीत मांडली. त्यातून मास्तरांचे आणि नरसिंग रावांचे आकडे बरोबर ठरले. स्लोन म्हणजे संख्यामालिकांचा जगप्रसिद्ध कोश सुरू करणारे गणितज्ञ. लेखाचे नावच 'ऑन कापरेकर्स जंक्शन नंबर्स' असे आहे, आणि या वेळी नाव पूर्ण आहे. हार्डींच्या आक्षेपाचेही त्यात एक प्रकारे उत्तर येते, कारण दहाची पद्धत सोडली तरी प्रश्न उरतो आणि तो सुटायला साठ वर्षांच्या आसपास लागली.

माझ्या खात्यात डिग्रीवाले आणि डिप्लोमावाले हा भेद रोजचा आहे. त्याबद्दल इथे लिहिण्याचे कारण नाही. एवढेच सांगतो, की मास्तरांच्या आयुष्याचा हा हिशेब मी आमच्या डेपोतल्या पोरांना फळ्यावर मांडून दाखवतो तेव्हा बी.एस्सी. या शब्दाखाली एक रेघ ओढतो.

नरसिंग रावांची पाच जनकांची संख्या कशी आहे, तर दहाचा ११,११,११,११,११,१२४ वा घात आणि वर १०२. ती लिहायला एक लाख अकरा हजार कोटींहून जास्त अंक लागतात. एका वॅगनवर अकरा अंक मावतात असे धरले तर दहा हजार एकशे एक कोटींहून अधिक वॅगन लागतील. एक बॉक्सएन वॅगन पावणेअकरा मीटरची धरली तर ती मालगाडी पृथ्वीपासून सूर्यापर्यंतच्या अंतराच्या सातपट भरेल. आणि तरी तिचे पाच जनक मास्तरांच्या त्याच युक्तीने अर्ध्या पानात लिहिता येतात. वरच्या बाजूला पुन्हा ९१ आणि १००. खालच्या बाजूला हिशेब करत गेलो की एकच संख्या उरते, दहाचा तेरावा घात अधिक १३. ती आपल्या 'एक शंकू एक'च्या बारा घरे पुढची, आणि तिलाही तीन जनक आहेत. तिचा वरचा जनक दहाचा तेरावा घात अधिक ६. खालचे दोन कोणते, ते काढायला आता कागद आणि पेन्सिल पुरेल.